ऑक्सिजनची बाटली भरलेली, गेज ठीक, तरी उडताना वर गेल्यावर सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का) का पडतं?

दसरा-दिवाळीच्या सुमारास हिमाचलातल्या बीर-बिलिंगला पॅराग्लायडिंगचा हंगाम सुरू झाला की ही तक्रार ठरलेली. "अण्णा, बाटली फुल्ल होती की ओ. रेग्युलेटर पण नवा. तरी साडेचार हजार मीटरवर ऑक्सिमीटर ब्याऐंशी दाखवलालंय, खाली उतरलं की डोकं ठणकतंय." मग संशय बाटलीवर जातो. पुढच्या खेपेला मोठी बाटली घेतली जाते, वजन वाढतं, पैसे जातात आणि तक्रार जिथल्या तिथे.

माझं काम सोलापुरात दवाखान्यांच्या ऑक्सिजन लाइनी, फ्लोमीटर (प्रवाह मोजणारा भाग), रेग्युलेटर (बाटलीचा दाब कमी करून देणारा भाग) दुरुस्त करण्याचं. उडणारी मंडळी याच ओळखीतून येतात. बहुतेक पॅराग्लायडरवाले, पाचगणी-कामशेतला शिकलेले. एखाददुसरा हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर हात बसवून पुढे नामिबिया किंवा न्यूझीलंडला उडायला जाणारा. पॅराग्लायडर असो की लांब पंखांचं ग्लायडर, ऑक्सिजनची सामग्री जवळपास एकच, आणि घोळही बहुधा एकाच ठिकाणी असतो: रेग्युलेटर ते नाकपुडी, या दीड-दोन मीटरच्या नळीत. म्हणून तपासायला नाकापासून सुरुवात करा आणि मागे बाटलीकडे या. नवीन सेट घेतानाही हाच क्रम ठेवा.

आधी एवढं डोक्यात बसवा. वर गेल्यावर हवेतला ऑक्सिजनचा टक्का बदलत नाही, तो २०.९च राहतो. उतरतो तो दाब. समुद्रसपाटीला श्वासनलिकेत पोचणाऱ्या ऑक्सिजनचा दाब साधारण १५० मिलिमीटर पारा असतो, १५,००० फुटांवर तो ८०च्या आसपास येतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आतच, म्हणजे आपल्या शरीराला १४०ची सवय. १८,००० फुटांवर एकूण हवेचाच दाब निम्मा होतो. ही तूट नळीतून येणाऱ्या ऑक्सिजनने भरून काढायची असते, आणि त्यासाठी तो फुप्फुसात जावा लागतो. नाकाजवळून वाऱ्यावर गेलेला ऑक्सिजनही बाटलीच्या हिशोबात वापरलेलाच धरला जातो.

नाकापासून सुरुवात

हल्ली बहुतेकांकडे पल्स पद्धतीचं यंत्र असतं, माउंटन हाय कंपनीचं ईडीएस किंवा त्यासारखं. तुम्ही श्वास आत ओढायला लागलात की नाकपुडीतल्या नळीत किंचित ओढ निर्माण होते, यंत्र ती ओळखतं आणि त्याच क्षणी एक फुंकर सोडतं. श्वासाचा पहिला भाग फुप्फुसाच्या खोल कप्प्यांपर्यंत जातो, शेवटचा भाग श्वासनलिकेतच राहून परत बाहेर पडतो. त्यामुळे सुरुवातीलाच दिलेला थोडासा ऑक्सिजन पुरतो आणि बाटली कितीतरी जास्त टिकते. यंत्रामागची कल्पना फारच हुशारीची आहे. पण सगळा डोलारा त्या नाकातल्या ओढीवर उभा आहे.

तोंडाने श्वास घेतलात की ओढ कमजोर होते, कधी होतच नाही. सर्दीने एक नाकपुडी बंद असेल तर तेच. थर्मलचा, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेचा, गाभा धरून फिरताना, जीव मुठीत घेतलेला असताना, माणसाचं तोंड उघडं पडतं आणि त्याला ते कळतही नाही. रेडिओवर लांबलचक बोलणाऱ्यांची फुंकर बोलता बोलता चुकते. मला विचाराल तर ज्यांना तोंडाने श्वास घ्यायची सवय आहे त्यांनी पल्स यंत्राच्या नादी लागण्याआधी ही सवय जमिनीवर तपासावी. घरी कॅन्युला, म्हणजे नाकात लावायची ऑक्सिजनची नळी, लावून अर्धा तास जिना चढा-उतरा, फुंकरी मोजा. श्वासागणिक फुंकर येत नसेल तर वरही येणार नाही.

आता कॅन्युला हातात घेऊन बघा. तिच्या दोन शिंगांना बाक असतो. बाक नाकपुडीच्या आत, चेहऱ्याच्या बाजूला वळलेला हवा. घाईत उलटी लावली की शिंगं नाकपुडीच्या भिंतीला टेकतात. थंडीसाठी ओढलेला बफ (तोंडावर घ्यायचा गळपट्टा) किंवा माकडटोपी हळूहळू वर सरकत शिंगं बाहेर काढते. नळी कानामागून हेल्मेटच्या पट्ट्याखाली जाते, तिथे ती चपटी होते. छातीच्या बकलाखाली दुसरी जागा. जमिनीवर उभं राहून सगळं नीट वाटतं, हार्नेसमध्ये (उडताना बसायच्या पट्ट्यांच्या खुर्चीत) मागे रेललं की नळी दाबली जाते. त्यामुळे तपासणी हार्नेस टांगून, त्यात बसून, हेल्मेट-हातमोजे-जॅकेट घालूनच करायची. मान डावीकडे, उजवीकडे, वर. प्रत्येक वेळी फुंकर आली पाहिजे.

सोलापूरकरांसाठी खास गोष्ट म्हणजे कॅन्युला कुठे ठेवता. मे महिन्यात इथे पारा ४२-४३ला सहज जातो. पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत चार महिने पडलेली कॅन्युला ऑक्टोबरमध्ये पिवळट आणि कडक निघते, कारण प्लॅस्टिकला मऊ ठेवणारं द्रव्य उष्णतेने निघून जातं. अशी नळी वरच्या थंडीत आणखी ताठते, नाकातून निसटते आणि जोडावर सैल बसते. बोटात धरून दुमडा. दुमड सोडल्यावर पांढरी रेघ राहिली तर फेका. सगळ्या सेटमधली ही सर्वांत स्वस्त वस्तू, आणि लोक नेमकी तीच वर्षानुवर्षं वापरतात.

मास्क वापरणाऱ्यांचा प्रश्न वेगळा: दाढी-मिशा. भरघोस मिशीवर मास्क कधीच हवाबंद बसत नाही. शिवाय मास्कच्या आत मावा तोंडात धरून उडणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांना काय सांगणार?

यंत्र मेलंय असं वाटलं तर

"इथं घरी लावून बघितलं, एक फुंकर नाही." असं म्हणून चांगली यंत्रं दुरुस्तीला येतात. आधी मोड बघा. या यंत्रांत डे मोड असतात, डी ५, डी १० असे. डी १० वर ठेवलं तर साधारण १०,००० फुटांची उंची येईपर्यंत यंत्र काहीच देत नाही, बाटली वाचवतं. सोलापुरात बसून डी १० वर फुंकर येणं अपेक्षितच नाही. एन मोडवर ठेवा, तो कुठल्याही उंचीवर देतो. तिथे फुंकर आली तर यंत्र ठणठणीत आहे. रात्रभर बसचा प्रवास करून, झोप न झालेल्या अवस्थेत उडणाऱ्याने १०,००० फुटांची वाट बघू नये, डी ५ लावावं.

तिथेही फुंकर नाही तर बॅटरी. साधे अल्कलाइन सेल थंडीत मान टाकतात. घरात पूर्ण भरलेले दिसतात, शून्याखाली गेले की यंत्र बंद. लिथियमचे एए सेल महाग पडतात, पण थंडीत टिकतात. यात काटकसर करू नका.

तिसरं कारण रेग्युलेटर. दवाखान्याच्या लाइनचा दाब सुमारे ४ बार, म्हणजे ६० पीएसआय. पल्स यंत्राला लागतो त्याच्या पाव, १५ पीएसआयच्या आसपास. "तुमच्याकडचा एखादा हॉस्पिटलचा रेग्युलेटर द्या की" म्हणणाऱ्यांना मी देत नाही. यंत्रासोबत सांगितलेलाच रेग्युलेटर लावायचा.

गेज खाली आलंय, गळती आहे का?

बऱ्याचदा नसते. समजा दुपारच्या ४२ अंशांत गेज १५० बार दाखवतंय. तीच बाटली वर उणे ५ अंशांत गेली की आतला वायू तेवढाच असताना गेज १२८च्या आसपास येईल. दाब हा निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात चालतो, ३१५ केल्विनचे २६८ झाले की १५ टक्के दाब गेला. भरतानाही हेच होतं. घाईत भरलेली बाटली गरम होते, दुकानात १५० दाखवते, घरी येऊन थंड झाली की १३५. दुकानदाराने फसवलं असं नसतं, घाई केली एवढंच. सावकाश भरून घ्या आणि बाटली गार झाल्यावर पुन्हा गेज बघा.

खरी गळती शोधायची तर व्हॉल्व्ह उघडा, गेज चढू द्या, व्हॉल्व्ह बंद करा आणि पल्स यंत्र बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा. त्या वेळात तापमान बदलत नाही. काटा हलला तर गळती आहे. लहान बाटल्यांवर पिन इंडेक्सचा, म्हणजे ठरलेल्या जागी पिना बसल्या तरच जुळणारा, जोड असतो, ऑक्सिजनसाठी पिना २ आणि ५ या जागी. त्या जोडात एक छोटी चकती बसते: मध्ये काळं रबर, भोवती धातूचं कडं. तिला बोडोक सील म्हणतात. बाटली बदलताना जुनी चकती बाटलीलाच चिकटून राहते आणि नवी तिच्यावर बसवली जाते. दोन चकत्यांवर जोड घट्ट आवळला तरी फुसफुसतो. किंवा चकती कुठेतरी पडलेली असते आणि माणूस पाना लावून जोर काढत असतो. एकच चकती, चीर नसलेली, हाताने आवळलेली. पान्याची गरज पडली तर कुठेतरी काहीतरी चुकतंय.

फेस करून बुडबुडे बघायचे तर ऑक्सिजनसाठीचं गळती-तपास द्रावण वापरा आणि नंतर ओल्या फडक्याने पुसून काढा. कुठल्याही जोडाला तेल, ग्रीस, डब्ल्यूडी-४० लावू नका. उच्च दाबाच्या ऑक्सिजनमध्ये तेलकट थेंब पेट घेतो. इथे आपल्याकडचं मुद्दाम सांगतो: डोक्याला आणि मिशीला खोबरेल चोपडून, ओठांना व्हॅसलीन लावून कॅन्युला घालू नका, आणि त्याच हाताने व्हॉल्व्हही धरू नका. ओठ फुटत असतील तर पाण्याच्या आधाराचं मलम मिळतं. व्हॉल्व्ह नेहमी हळू उघडायचा. झटक्यात उघडला की पुढच्या पोकळीतला वायू एकदम दाबला जाऊन प्रचंड तापतो, आणि तिथे कचरा किंवा तेल असेल तर रेग्युलेटर आतून जळतो.

ऑक्सिमीटरचं किती ऐकायचं

कोविडच्या काळात घरोघरी आलेलं यंत्र आता हार्नेसमध्ये आलंय. चांगलंच झालं. पण गार बोटात रक्त कमी पोचतं, तेव्हा आकडा खोटा येतो. कडक उन्हातही गडबडतो, म्हणून हातमोज्याच्या आत लावा. मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर दुसरं बोट निवडा. नाडीचा आकडा तुमच्या अंदाजाशी जुळत नसेल तर सॅच्युरेशनवरही विश्वास ठेवू नका. बोटावरचा आकडा श्वासाच्या मागे अर्धा मिनिट तरी असतो, तेव्हा नळी नीट केल्यावर लगेच नव्वदच्या वर उडी मारेल अशी अपेक्षा नको.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हे यंत्र सरळसरळ फसवतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटतो आणि ऑक्सिमीटर त्यालाही ऑक्सिजनच समजतो. आकडा ९४, खरी परिस्थिती त्याहून वाईट.

ऑक्सिजनशिवाय १०,००० फुटांवर निरोगी माणसाचं सॅच्युरेशन साधारण नव्वदीच्या आसपास असतं, १५,०००ला ऐंशीच्या घरात. नव्वदपर्यंत पठार असतं, त्याच्या खाली घाट लागतो: रक्तातला ऑक्सिजन झपाट्याने घसरतो. म्हणून मी नव्वद हीच खालची रेघ मानतो. ती ओलांडली आणि दोन मिनिटांत सुधारलं नाही तर कारण शोधत वर थांबायचं नाही, आधी उंची सोडायची. ऑक्सिजन कमी पडला की माणसाला त्रास होतो असं लोकांना वाटतं. अनेकांना उलट मस्त वाटतं, आत्मविश्वास येतो, आणि निर्णय चुकतात. १८,००० फुटांवर पुरवठा तुटला तर शुद्धीत राहून योग्य काही करायला साधारण २० ते ३० मिनिटं मिळतात, २५,०००ला तीन ते पाच.

आकडा ९७ आहे तरी बोटांना मुंग्या येतायत, चक्कर येतेय? मग बहुधा तुम्ही भीतीने भराभर श्वास घेताय. सावकाश, लांब श्वास सोडा. इथे जास्त ऑक्सिजन सोडून काही होणार नाही.

कट्ट्यावर कुणीतरी हमखास म्हणतं, "ती जर्मन बाई ढगात ओढली जाऊन दहा हजार मीटरवर गेली, ऑक्सिजन नव्हता, तरी जगली." एवा विश्निएरस्का, फेब्रुवारी २००७, ऑस्ट्रेलियातलं मॅनिला. ती सुमारे ९,९०० मीटरपर्यंत गेली, अर्ध्या तासाहून जास्त वेळ बेशुद्ध होती. त्याच वादळात सापडलेला चिनी पायलट मेला, हे मात्र कुणी सांगत नाही.

नवा सेट घेताना

अमेरिकेचा नियम हिशोबाला बरा आहे: १२,५०० फुटांच्या वर अर्ध्या तासापेक्षा जास्त राहणार असाल तर पायलटला ऑक्सिजन, १४,०००च्या वर पूर्ण वेळ. हा किमान नियम झाला. पाचशे मीटरवरून थेट गेलेल्या माणसाने १०,०००ला सुरू केलेला बरा. नाकातली कॅन्युला १८,००० फुटांपर्यंत, त्यावर मास्क. बीरला धौलाधारच्या बाजूने पाच हजार मीटरच्या आसपास जाणाऱ्याला कॅन्युला पुरते. न्यूझीलंडच्या वेव्हमध्ये (डोंगरामागे उठणाऱ्या वाऱ्याच्या लाटेत) त्याहून वर जाणाऱ्याने मास्क आणि वेगळा, स्वतंत्र राखीव पुरवठा घेतल्याशिवाय जाऊ नये.

मग हिशोब. सतत प्रवाहाच्या साध्या कॅन्युलाला दर १०,००० फुटांमागे मिनिटाला एक लिटर, म्हणजे १५,०००ला दीड लिटर. दोन लिटरची बाटली १५० बारला भरली तर ३०० लिटर वायू. सव्वातीन तास आणि वर काही मिनिटं, तेही राखीव न ठेवता. साठवण असलेली (श्वास सोडताना येणारा ऑक्सिजन साठवून ठेवणारी) कॅन्युला किंवा पल्स यंत्र लावलं तर तीच बाटली दिवसभराच्या उड्डाणाला पुरते. म्हणून पैसे बाटलीच्या आकारावर घालण्याऐवजी पल्स यंत्रावर घाला, अट एवढीच की तुम्ही नाकाने श्वास घेता. घेत नसाल तर सतत प्रवाह आणि साठवणीची कॅन्युला हा साधा, बॅटरी न लागणारा मार्ग आहे. मला तर तोही तितकाच आवडतो. बिघडायला त्यात काही नाही.

मेडिकलमध्ये मिळणारा १० लिटरचा ऑक्सिजनचा डबा घेऊन उडायला निघणारे असतात. दीड लिटरच्या हिशोबाने तो सात मिनिटंही चालत नाही. घरगुती कॉन्सन्ट्रेटर तर नकोच. तो आजूबाजूच्याच हवेतून ऑक्सिजन गाळतो, आणि वर तीच विरळ झालेली असते. दवाखान्याचा काचेच्या नळीतला फ्लोमीटर उभा धरला तरच खरा आकडा देतो, वळणात कललेल्या ग्लायडरमध्ये त्यावर विसंबता येत नाही. त्याच्याखालची पाण्याची बाटली वर गोठते.

बाटली घेताना वजनापेक्षा मोठा प्रश्न: भरून कोण देणार? परदेशातून आणलेली कार्बन फायबरची हलकी बाटली दिसायला झकास असते, पण आपल्याकडे गॅस सिलिंडर नियम २०१६ प्रमाणे स्फोटकांच्या मुख्य नियंत्रकांची, म्हणजे पेसोची मान्यता असलेल्याच बाटल्या भरता येतात. भरणारा मान्यतेचा शिक्का बघतो आणि हात जोडतो. त्याची चूक नाही. दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी लागते, तिची तारीख बाटलीच्या खांद्यावर ठोकलेली असते. जुनी बाटली विकत घेताना आधी ती तारीख बघा, मग भाव करा. आपल्याकडे वैद्यकीय ऑक्सिजनची बाटली काळी आणि खांदा पांढरा. संपूर्ण काळी म्हणजे वेल्डिंगची, ती श्वासासाठी भरू नका. मोठ्या डी टाइप बाटलीतून नळी लावून घरी लहान बाटली भरण्याचे व्हिडिओ फिरतात. वर व्हॉल्व्ह झटक्यात उघडण्याबद्दल जे लिहिलं ते इथे दसपटीने लागू.

प्रवासाचंही आधीच ठरवा. रेल्वेत गॅसची बाटली सामान म्हणून चालत नाही, रिकामीसुद्धा. वैद्यकीय प्रमाणपत्रासह रुग्णाबरोबर असेल तरच सूट आहे, आणि उडायला निघालेला माणूस रुग्ण नव्हे. भरलेली बाटली विमानात न्यायचा विचारच करू नका. सोयीचं हेच की बाटली उडण्याच्या ठिकाणी भाड्याने मिळते का ते महिनाभर आधी विचारून ठेवायचं, तिच्या व्हॉल्व्हचा जोड कोणता आहे याचा फोटो मागवायचा, आणि इथून फक्त रेग्युलेटर, यंत्र, कॅन्युला आणि सुटे बोडोक सील न्यायचे. जोड पिन इंडेक्सचा आहे की बुलनोजचा, म्हणजे आट्यांनी बसणारा, हे फोटोत स्पष्ट कळतं. न जुळणारे जोड अडॅप्टरवर अडॅप्टर लावून जुळवू नका.

आणि तपासणीला सेट आणाल तेव्हा नुसती बाटली उचलून आणू नका. कॅन्युला, हेल्मेट, ऑक्सिमीटर, जमलं तर हार्नेसही पिशवीत टाका. हंगामाच्या दोन-तीन आठवडे आधी या, म्हणजे सुटा भाग मागवायला वेळ राहील.